आमदाराला सहा वर्षे, वॉचमनला जन्मभर

ज्याच्यावर एकदा गुन्हा शाबीत झाला त्याला रिक्षाचा बॅज देऊ नये, इमारतीच्या दारावर उभे करू नये, सरकारी शिक्क्याचा कुठलाही परवाना त्याच्या हाती पडू देऊ नये, हे मत आपल्याकडे इतके सर्वमान्य आहे की त्याला विरोध करणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. एखाद्या चालकाने प्रवाशाला लुटल्याची बातमी आली की लगेच मागणी होते, पडताळणी कडक करा. सोसायटीच्या सभेत चोरीचा विषय निघाला की ठराव होतो, एजन्सीकडून सगळ्यांचे पोलीस व्हेरिफिकेशन मागवा. या मागण्यांमागे भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात, ज्यांच्या मुली रात्री उशिरा रिक्षाने परततात, त्यांना दारातल्या आणि हँडलवरच्या माणसाविषयी खात्री हवी असते. ती त्यांनी जरूर मागावी. पण वीस वर्षांपूर्वीच्या शिक्षेची नोंद दाखवून माणसाला आयुष्यभर परवाना नाकारल्याने ही खात्री मिळत नाही. मिळत नाही त्या खात्रीपायी आपण शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाची भाकरी मात्र काढून घेतो. हे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते : कायदाच तसा आहे. तेव्हा कायदाच उघडून पाहू.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेला माणूस अपात्र ठरतो. ही अपात्रता शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे टिकते. त्यानंतर तो उभा राहू शकतो, निवडून येऊ शकतो, मंत्री होऊ शकतो. कंपनी कायदा २०१३ चा. त्याच्या कलम १६४ प्रमाणे सहा महिने किंवा अधिक शिक्षा झालेल्याला कंपनीचा संचालक होता येत नाही, पण शिक्षा संपून पाच वर्षे झाली की येते. सात वर्षे किंवा त्याहून मोठी शिक्षा असेल तरच दार कायमचे बंद. वकिलांचा कायदा १९६१ चा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद मिळत नाही, मात्र सुटकेला दोन वर्षे झाली की ही अपात्रता आपोआप संपते, असे कलम २४-अ सांगते. चार्टर्ड अकाउंटंटच्या कायद्यात मुदत नाही, पण केंद्र सरकार आदेश काढून अपात्रता दूर करू शकते, म्हणजे तिथेही एक दार ठेवलेले आहे.

आता खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ पाहा. आपल्या इमारतीच्या, बँकेच्या, मॉलच्या दारावर उभा असलेला माणूस या कायद्याखाली येतो. कलम १० चे दुसरे पोटकलम म्हणते की सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेल्या कोणालाही सुरक्षारक्षक किंवा सुपरवायझर म्हणून नेमता येणार नाही. कोणता गुन्हा, ते लिहिलेले नाही. किती शिक्षा, ते नाही. किती वर्षांपूर्वी, तेही नाही. याच कायद्याच्या कलम ६ मध्ये एजन्सी काढणाऱ्या मालकासाठी वेगळा निकष आहे. तिथे कंपनीतला घोटाळा, किंवा ज्याला किमान दोन वर्षे कैद सांगितली आहे असा गुन्हा, अशी काही तरी मर्यादा घातलेली आहे. म्हणजे मालकाच्या हातून किरकोळ गुन्हा घडला असेल तर एकवेळ चालेल, पण बारा तास उभा राहणाऱ्या त्याच्या नोकराच्या हातून घडलेला चालणार नाही.

दोषी ठरलेल्या पुढाऱ्यांवर आजन्म बंदी घाला, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिला प्रतिज्ञापत्राने उत्तर दिले. त्याचा आशय असा की बंदी किती काळाची असावी हे ठरवणे संसदेचे काम आहे, दंडाचा परिणाम ठरावीक मुदतीपुरता ठेवण्यात घटनाविरोधी काही नाही, आणि मुदत घातल्याने वचकही राहतो व विनाकारण कठोरपणाही टळतो. या युक्तिवादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी एवढेच विचारतो की तो विधानसभेच्या पायरीपाशी का थांबतो? ज्याच्या सहीने कोट्यवधींची कामे मंजूर होतात त्याच्या बाबतीत विनाकारण कठोरपणा टाळायचा आणि ज्याच्याकडे गेटची चावी आणि आवक-जावकची वही आहे त्याच्या बाबतीत टाळायचा नाही, याला कुठले तत्त्व म्हणायचे?

काहीजण म्हणतात, मग पुढाऱ्यांनाही आजन्म बंदी घाला, हिशेब पुरा होईल. माझी मागणी ती नाही. एका अन्यायाच्या जोडीला दुसरा उभा केल्याने पहिला न्याय्य होत नाही. संसदेने आमदार, संचालक आणि वकील यांच्यासाठी जे मान्य केले आहे, की शिक्षेचे परिणाम कधीतरी संपले पाहिजेत, तेच वॉचमन आणि रिक्षावाल्यासाठी मान्य करावे, एवढेच मी मागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शेवटी गुन्हेगार तो गुन्हेगार. त्याने काहीतरी केल्याशिवाय का कोर्टाने दोषी ठरवले?

या आक्षेपाशी जरा थांबले पाहिजे, कारण असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याचे कोर्ट आतून पाहिलेले नसते. त्यांच्या डोळ्यांसमोर खुनाचा किंवा बलात्काराचा खटला असतो. साक्षी, उलटतपासणी, दोन्ही बाजूंचे वकील, शंभर पानांचे निकालपत्र. खालच्या कोर्टांतल्या कितीतरी किरकोळ खटल्यांत यातले काही नसते. पिंपळाच्या पारावर पैसे लावून पत्ते खेळताना धाड पडली, तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली केस होते. कोर्टात नाव पुकारले जाते, गुन्हा कबूल का विचारले जाते, माणूस कबूल म्हणतो, दंड भरतो आणि मजुरी बुडायच्या आत कामावर जातो. दारूबंदी कायद्यात हातभट्टीच्या चार लिटरच्या कॅनचे तेच होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत सापडलेल्याचेही तेच. हे सगळे, कलमाच्या अक्षराप्रमाणे, सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेले लोक आहेत. त्या दिवशी ज्याने दोन-तीनशे रुपये भरून पावती खिशात घातली त्याला कोणी सांगितलेले नसते की पुढे कधी गावात पाऊस दगा देऊन शहर गाठावे लागले, तर तिथे वॉचमनची खाकी अंगावर चढवण्याचा हक्कही आपण त्याच दंडात भरून टाकला.

याहून वाईट प्रकार तुरुंगात घडतो. कच्च्या कैदेत असलेल्या गरिबाला जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा असलेला, पगारपत्रक असलेला, त्याच्यासाठी कोर्टात येऊन उभा राहील असा माणूस त्याच्या नात्यागोत्यात नसतो. महिने जातात. मग तुरुंगातच जेल अदालत भरते. त्याला सांगितले जाते, गुन्हा कबूल कर, जेवढे आत काढलेस तेवढीच शिक्षा धरतील आणि संध्याकाळी घरी जाशील. नाकबूल असेल तर खटला चालेल, कधी चालेल ते सांगता येत नाही. घरी बायको, पोरे, थकलेले आईबाप. अशा वेळी तुम्ही काय केले असते? मी तरी कबूल केले असते. खटले निकाली निघतात, तुरुंगातली गर्दी थोडी कमी होते, कैदी सुटतो. पण त्या संध्याकाळी तो कच्च्या कैद्याचा पक्का गुन्हेगार होऊन बाहेर पडतो. ज्याच्याकडे जामीनदार होता तो सहआरोपी बाहेर राहून खटला लढतो आणि साक्षीदार फितूर झाल्यावर निर्दोष सुटतो. दोघेही बॅजसाठी अर्ज करतात. एकाचा दाखला स्वच्छ येतो, दुसऱ्याच्या दाखल्यावर कलम उमटते. या फरकाला आपण चारित्र्य म्हणतो. खरे तर तो सातबाऱ्याचा फरक आहे.

महाराष्ट्रात हा विषय पारधी, कैकाडी, उचल्या, वडार अशा समाजांचे नाव घेतल्याशिवाय बोलताच येत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांच्या सेटलमेंट होत्या, हजेरी होती, बाहेर जायला पास लागत असे. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण अभिमान बाळगला, महाविद्यालयांत पुस्तक शिकवले. पण परिसरात घरफोडी झाली की पोलीस गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते हे प्रत्येक तालुक्यात ठाऊक आहे. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांची मनमानी धरपकड होऊ नये असेही बजावले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली हे बजावावे लागते, याचाच अर्थ गुन्ह्याची नोंद कोणाच्या नावापुढे होते हे केवळ कृत्यावर ठरत नाही. ज्या पारधी तरुणाने बापाची वाट सोडून, किंवा बापाने कधी न धरलेली पण त्याच्या माथी मारलेली वाट सोडून, शहरात इमानाने रखवाली करायची ठरवली, त्याला पहिल्याच खिडकीवर आपण सांगतो की तुझी कबुलीची नोंद आहे, परत जा. कुठे परत जायचे, हे मात्र खिडकीवर कोणी सांगत नाही.

आता सुरक्षेचा मुद्दा, जो मी टाळणार नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारात दोषी ठरलेला माणूस शाळेच्या गेटवर किंवा स्कूलबसवर असता कामा नये. पाच वर्षांनीही नाही, पंधरा वर्षांनीही नाही. दारू पिऊन गाडीखाली माणूस मारलेल्याला प्रवासी वाहन देताना दहादा विचार व्हावा. मालकाच्याच तिजोरीवर डल्ला मारलेल्याला लगेच दुसऱ्याच्या तिजोरीवर नेमा, असे कोणी म्हणत नाही. या तिन्ही उदाहरणांत गुन्ह्याचा कामाशी सरळ संबंध आहे. तो संबंध तपासा, हीच तर मागणी आहे. गावजत्रेत एकोणिसाव्या वर्षी झालेल्या मारामारीत दोषी ठरलेला माणूस चाळिसाव्या वर्षी औषधांच्या गोदामावर रात्रपाळी करायला धोकादायक कसा, याचे उत्तर ‘दोषी ठरला होता’ या तीन शब्दांत असू शकत नाही.

काळाने धोका कमी होतो हे नुसते भाबडेपणाने मी म्हणत नाही. आल्फ्रेड ब्लमस्टाइन आणि किमिनोरी नाकामुरा या अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्यात १९८० साली पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या पुढच्या नोंदी तपासून २००९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षी जबरी चोरीसाठी पकडलेला माणूस पुढे स्वच्छ राहिला, तर साधारण पावणेआठ वर्षांत त्याच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी होते. घरफोडीच्या बाबतीत हा काळ चार वर्षांच्याही आत येतो. हे आकडे न्यूयॉर्कचे आहेत, ते जसेच्या तसे नागपूरला लावा असे मी म्हणणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. वीस वर्षे सरळ वागलेल्या माणसाच्या जुन्या नोंदीतून पुढच्या वागणुकीविषयी काही कळत नाही. ब्रिटनने हे ओळखून १९७४ सालीच कायदा केला. ठरावीक वर्षे सरळ गेली की बहुतेक गुन्ह्यांची शिक्षा मागे पडली असे तिथे मानले जाते, आणि मुले, आजारी माणसे यांच्याशी संबंधित कामांसाठी वेगळे, कडक नियम ठेवले जातात. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदाच नाही.

आणि बंदीने प्रत्यक्षात काय होते? माणूस गेटवरून हटतो का? हटत नाही. ज्याला नोंदणीकृत एजन्सी घेत नाही त्याला नोंदणी नसलेली घेते, पगार कमी देते, भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही, सुट्टी नाही, आणि तक्रार केलीस तर तुझे जुने प्रकरण काढू अशी धमकी असते. ज्याला बॅज मिळत नाही तो दुसऱ्याच्या परमिटची रिक्षा रात्रीच्या शिफ्टला चालवतो, नाक्यावर हवालदार दिसला की गल्ली बदलतो. म्हणजे ज्या माणसाची आपल्याला भीती होती तो आपल्याच दारात, आपल्याच रिक्षात आहे, फक्त आता त्याचे नाव कुठल्या नोंदवहीत नाही, फोटो कुठल्या फायलीत नाही, आणि गमावण्यासारखेही त्याच्याकडे काही उरलेले नाही. परवाना हे नियंत्रणाचे साधन आहे. परवानाधारक चुकला तर परवाना जातो, ही भीती त्याला सरळ ठेवते. परवानाच दिला नाही तर जप्त काय करणार? सुरक्षेची काळजी असलेल्यांनी या प्रश्नाचा मनापासून विचार करावा.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि बेरोजगारीच्या दिवसांत तो मनाला भिडतो. कधीही पोलीस ठाण्याची पायरी न चढलेले हजारो तरुण कामाच्या शोधात फिरत असताना शिक्षा झालेल्याला काम का द्यायचे? याचे उत्तर असे की इथे कोणी काम देत नाही. परवाना म्हणजे बक्षीस नव्हे, आरक्षण नव्हे, चांगल्या वर्तणुकीचे पदक तर मुळीच नव्हे. तो फक्त अटकाव दूर करणारा कागद आहे. घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला कुठलाही व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारला दिली आहे. सिद्ध करण्याचे ओझे निर्बंध घालणाऱ्यावर आहे. परवाना मिळाल्यावरही त्या माणसाला इतरांच्या रांगेत उभे राहून, तेवढाच घाम गाळून गिऱ्हाईक मिळवायचे असते. रांगेतच उभे राहू नको म्हणण्याने रांगेतल्या बेरोजगाराची नोकरी पक्की होत नाही.

‘मग त्याने दुसरे काहीतरी करावे,’ असेही सहज बोलले जाते. तुरुंगात तेच तर शिकवले जाते! येरवड्याला सुतारकाम चालते, नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक कौतुकाने विकत घेतात. सरकार स्वतःच्या पैशाने माणसाला कामाचा करते. बाहेर मात्र भांडवल नसलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला शहरात पहिली नोकरी कुठे मिळते? रखवालीत, ड्रायव्हरीत, डिलिव्हरीत, हाउसकीपिंगच्या कंत्राटात. या प्रत्येक दारावर चारित्र्याचा दाखला मागतात. सुधारणा आणि पुनर्वसन हे शब्द राज्याचे कारागृह खाते अभिमानाने मिरवते, आणि गृहखात्याचीच दुसरी खिडकी त्या पुनर्वसनावर पाणी ओतते.

आपल्याच मातीत याहून धाडसी विचार झालेला आहे. औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीविना, बेडीविना, माळरानावर शेती करायला ठेवले गेले, कुटुंबे त्यांच्याजवळ राहिली. व्ही. शांताराम यांनी त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, ग. दि. माडगूळकरांनी तो लिहिला, १९५७ साली तो पडद्यावर आला. चित्रपटगृहांत लोक रडले. ती वसाहत आजही खुले कारागृह म्हणून चालू आहे. दुष्काळी मुलखातल्या एका छोट्या संस्थानाला शिक्षा चालू असलेल्या माणसाच्या हाती कुऱ्हाड आणि फावडे देण्याचे धैर्य झाले, आणि प्रजासत्ताकाला शिक्षा संपलेल्या माणसाच्या हाती शिट्टी आणि टॉर्च देण्याचे होत नाही, ही गोष्ट मला अतिशय खटकते.

कायद्याच्या आतही या विचाराची बीजे आहेतच. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात न्यायाधीशाने तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर शिक्षेला चिकटलेली अपात्रता लागू होत नाही, असे कलम १२ म्हणते. अडचण अशी की खालच्या कोर्टांत ही तरतूद वापरण्याची विनंती करायलाही वकील लागतो, आणि कबुली देणाऱ्याकडे तो बहुधा नसतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर, सोळा वर्षांवरील मुलांचे अतिगंभीर गुन्हे वगळता, त्याला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि नोंदीही ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात. फार शहाणी तरतूद आहे. पण सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाने मोबाइल चोरला तर पाटी कोरी आणि अठरा वर्षे एक महिन्याच्या मुलाने चोरला तर ती आयुष्यभर भरलेली, हे कसे पटवून घ्यायचे? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरणाऱ्या, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने ती परत केली तर त्याला तुरुंगात न पाठवता समाजसेवेची शिक्षा द्यायची आहे. संसदेला असा माणूस समाजात राहायला लायक वाटतो, म्हणून तर ही सोय केली. पण तो दोषी ठरलेला असतोच. तेव्हा दवाखान्याचे आवार झाडून शिक्षा पुरी केल्यावर त्याच दवाखान्याच्या दारावर पगारी रखवालदार म्हणून तो कधीही उभा राहू शकणार नाही.

न्यायालयांनीही वेळोवेळी समज दाखवली आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणीच्या चुकांकडे क्षमेने पाहावे असे म्हटले आणि पावाच्या तुकड्यासाठी आयुष्यभर डागी ठरलेल्या व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांनी गुन्ह्याचे स्वरूप, पदाचे स्वरूप आणि उमेदवाराने माहिती दडवली की नाही, हे सारे तपासून निर्णय घ्यावा, असे सांगितले. पण हे सगळे सरकारी नोकरीचे वाद. ते लढायला उमेदवार दिल्लीपर्यंत गेले. अकरा-बारा हजारांच्या रखवालीसाठी कोण जाणार? शिवाय तपासून निर्णय घ्या, हे न्यायालयाचे सांगणे जिथे कायद्यातच सरसकट मनाई आहे तिथे पोचत नाही. म्हणून कायदाच बदलायला हवा.

सुरक्षा संस्था कायद्याच्या कलम १० मधली ही ओळ संसदेने दुरुस्त करावी. कोणत्या गुन्ह्यांनी रखवालीला बाधा येते ते नावानिशी लिहावे, वकिलांना दोन आणि संचालकांना पाच वर्षे पुरेशी वाटत असतील तर रखवालदाराला त्याहून जास्त कशासाठी, याचे उत्तर देऊन मुदत ठरवावी, आणि निव्वळ दंडाच्या शिक्षा पूर्ण वगळाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ मध्ये सराईत गुन्हेगाराचा परवाना काढून घेतानाही म्हणणे ऐकून घेण्याची, लेखी कारण देण्याची आणि तीस दिवसांत अपिलाची तरतूद आहे. निदान एवढे तरी प्रत्येक परवान्याला आणि बॅजला लागू व्हावे. ‘चारित्र्य असमाधानकारक’ असा दोन शब्दांचा शेरा मारून फाइल बंद करण्याची मुभा कोणालाच नसावी. मुदत उलटलेल्या नोंदीविषयी पोलिसांच्या दाखल्याने गप्प राहावे. तपासासाठी ती पोलिसांकडे खुशाल असू द्या, पण एजन्सीच्या मॅनेजरच्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या टेबलावर ती जाण्याचे कारण नाही.

यातला बराचसा भाग दिल्लीच्या हातात आहे, पण सगळा नाही. जेल अदालती इथे भरतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे वकील तिथे उपस्थित असतात. कबुलीच्या कागदावर अंगठा उमटण्याआधी त्या कैद्याला त्याच्या भाषेत, शांतपणे सांगितले गेले पाहिजे की या कबुलीने तू आज सुटशील, पण वॉचमनचे काम तुला पुढे मिळणार नाही, बॅजला अडचण येईल, आणि परिवीक्षेची मागणी केलीस तर कदाचित यातून वाचशील. एवढे सांगायला कायदादुरुस्ती लागत नाही, पैसा लागत नाही. उद्याच्या अदालतीपासून ते सुरू करता येईल.